आपोआप भरणारा पेला

आमच्या दवाखान्याचा पहिला नकाशा माझ्या वडिलांनी, दादांनी, कागदावर काढला नाही, घराच्या अंगणात फक्कीनं काढला. तालुक्याच्या सहकारी संघात ते गोदाम सांभाळत. खताच्या आणि पेंडीच्या थप्प्या कुठं लावायच्या, हमालांनी वाट कुठून ठेवायची, हे ते जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून ठरवायचे, आणि जागा समजून घ्यायची दुसरी कुठली रीत त्यांना माहीत नव्हती. एका सकाळी मी तोंड धुऊन बाहेर आले तर अंगणभर पांढरी चौकट आखलेली, मध्ये पालथा घातलेला पत्र्याचा डबा, डब्याशेजारी दोन विटा आणि एका विटेवर आमचा पितळी पेला. डबा म्हणजे खुर्ची, विटा म्हणजे थुंकायचं भांडं. मायला चुलीकडं जायचं तर त्या दवाखान्यातून जावं लागे. ती मुद्दाम रेघ तुडवून जायची आणि म्हणायची, दार कुठं ठेवलंय ते तरी सांगा, का पेशंटानं माज्यावानी भिंतीतनं यायचं? दादा हसायचे नाहीत. ते पुन्हा फक्की घेऊन रेघ नीट करायचे.

मी तेव्हा औरंगाबादहून दातांची डॉक्टर होऊन नुकतीच परत आले होते. धारूरच्या घाटाखाली आमचं बाजारगाव. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. गावात साधा डॉक्टर होता, दातांचा कुणी नव्हता. दात दुखला की लोक लवंग धरायचे, नाहीतर बीडची यष्टी. बायका पहाटेपासून मिश्री लावायच्या आणि चाळिशीच्या आत दाढा गमावून बसायच्या. म्हणजे रोगी घराघरात होते. प्रश्न रोग्यांचा नव्हता. आम्ही बौद्ध, आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, आणि दातांच्या डॉक्टरला माणसाच्या तोंडात हात घालावा लागतो. हा प्रश्न घरात कुणी तोंडानं काढत नव्हतं. पण दादांनी मारलेल्या प्रत्येक रेघेत तो होता, हे मला फार दिवस कळलं नाही.

संघानं रस्त्याच्या कडेला गाळ्यांची एक रांग बांधली होती. पुढचे गाळे कुणाकुणाला गेले आणि शेवटचा, खताच्या गोदामाला चिकटलेला, कुणी घेईना. दादांनी चेअरमनकडे तो मागितला. चेअरमन मोठ्या जमिनीचे धनी, बोलायला गोड. इतकी वर्षं गोदामात एक पोतं इकडचं तिकडं झालं नाही, हे ते भर सभेत बोलून दाखवत. त्यांनी गाळा दिला. गाळ्यात युरियाचा वास भरून राहिलेला असे आणि पलीकडं हमाल पोती टाकत तेव्हा भिंत धप्प करून हले. आज माझ्या दवाखान्यात पांढऱ्या फरशा आहेत, वातानुकूलन आहे, माझी सून संगणकावर दातांची चित्रं दाखवते. तरी कुठं शेतात खत टाकत असले आणि तो वास आला की मी वाट बदलून जाते.

गाळ्याचा आराखडा करताना दादांचा एकच ध्यास होता, पाणी. उजेड कुठून येईल, औजारं कुठं उकळायची, बसायचं बाकडं कुठं, यात ते माझं ऐकायचे. पाण्याचं मात्र त्यांनी स्वतः ठरवलं. मी त्यांना एकदा सांगून बसले होते की शहरातल्या खुर्चीला पेला ठेवायची जागा असते, आणि खटका दाबला की त्यात आपोआप पाणी पडतं. त्या दिवसापासून ते त्या खटक्याचे झाले. स्लॅबवर टाकी, टाकीतून नळी, नळी फरशीखालून खुर्चीत. पोत्यांच्या थप्प्या लावणारे दादा नळीच्या सांध्यांचं काम शिकायला गवंड्याच्या मागं मागं हिंडले. मी म्हणायची, एवढं कशाला? बादली आणि तांब्या ठेवला तरी भागतं, मी चूळ भरायला पाणी देईन की. दादा मान हलवायचे. "तुज्या हातानं पानी द्यायचं न्हाई," ते म्हणायचे. "तुजं काम दाताचं."

एकदा भाकरी खाताना मी तो विषय ताणला. हुलग्याचं माडगं होतं, गरम, लसणाची फोडणी दिलेलं, आणि दादा ते फुंकून पीत होते. मी म्हटलं, दादा, माझी बोटं त्यांच्या तोंडात चालतील आणि माझ्या हातचं पाणी चालणार नाही, हे कसलं शास्त्र? आणि त्यांना चालत नाही म्हणून आपणच नळी घालून त्यांची सोय करायची? दादांनी वाटी खाली ठेवली. "दवाखाना उबा ऱ्हाऊ दे आदी," ते म्हणाले. "मग काय भांडायचं ते भांड. बंद दवाखान्यात बसून कुनाशी भांडशील?" ते उठून गेले. मग मायनं मला सांगितलं. संघाच्या एका वार्षिक सभेत कुणी पाहुण्यानं पाणी मागितलं. दादा जवळ उभे होते, त्यांनी माठातून भरून दिलं. पाहुण्यानं पेला घेतला, हा कुठल्या वस्तीचा म्हणून शेजाऱ्याला विचारलं, आणि न पिता ते पाणी हसत हसत दाराजवळच्या कुंडीत ओतलं. सभा पुढं चालू राहिली. दादांनी रिकामा पेला उचलून जागेवर ठेवला. त्यानंतर संघात त्यांनी माठाला हात लावला नाही. हे सगळं त्यांनी मायला एकदाच सांगितलं होतं, आणि मला सांगू नको असंही सांगितलं होतं. मला राग आला तो पाहुण्याचा आला, दादांचाही आला. तेवीस-चोवीसच्या वयात सहन करणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो.

खुर्ची आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, कडब्याच्या पेंढ्यांवर आडवी. लातूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता, त्यांची. हिरव्या रेक्झिनची, एका हाताला चीर गेलेली. ती उतरवायला वस्तीतली सगळी माणसं आली. ज्याला त्याला बसून बघायचं होतं आणि दादांनी प्रत्येकाला बसू दिलं. संघाच्या बोअरचं पाणी टाकीत चढवलं. दादांनी पेला ठेवला, खटका दाबला. पाणी पडायला लागलं तशी बायकांनी हसून तोंडाला पदर लावले. दादांनी ते पाणी झाडाला घातलं आणि पुन्हा पेला भरला. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस नव्हता. आदल्या वर्षीही बेताचाच. रब्बी गेली, विहिरी गेल्या, आणि खुर्ची बसवून महिना होतो न होतो तोच संघाचं बोअर आधी गाळ आणि मग नुसती हवा टाकायला लागलं. मोटारीचा तो कोरडा घरघराट गाळ्यात ऐकू यायचा. दादा पळत जाऊन मोटार बंद करायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू करून बघायचे. टाकी रिकामी झाली. गावात टँकर सुरू झाले. आमच्या वस्तीला टँकर शेवटी यायचा, आणि कधी कधी येता येताच संपायचा. घागरी, हंडे, डालड्याचे डबे रांगेत दिवसभर आपापल्या मालकिणीची जागा धरून उन्हात तापत असत. भांडी वाजली की टँकर आला समजायचं. घरात अंघोळ आठवड्याची झाली. ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसायचो. जेवायला कण्या आणि येसराची आमटी, आमटी रोज थोडी पातळ. त्यात एक घागर दादा दवाखान्यासाठी बाजूला काढून ठेवायचे, आणि माय काही बोलायची नाही, हे मला जास्त लागायचं.

मी रोज सकाळी गाळा उघडायची. शटर वर, खुर्ची पुसायची, औजारं फडक्यावर मांडायची, आणि बसायचं. वस्तीतली माणसं आली, नाही असं नाही. त्यांचे दात मी काढले, पू काढला, हिरड्या साफ केल्या. पण गाव आलं नाही. समोरच्या हॉटेलात बसलेली माणसं गाल धरून माझ्या पाटीकडं बघायची आणि यष्टी आली की चढायची. एकदा एक माणूस पायरीपर्यंत आला, आत खुर्ची बघितली, बाकड्याजवळ ठेवलेला माठ बघितला, आणि खताचा भाव विचारून गेला. दुपारी रस्ता निर्जन व्हायचा, पलीकडून पोती पडायची, आणि मी कॉलेजचं पुस्तक उघडून त्याच त्या ओळी वाचत बसायची. मला तेव्हा खरोखर वाटायचं की माझं आयुष्य ह्या वासात आणि ह्या खुर्चीशेजारी असंच संपणार. रडू यायचं. पण शटर उघडं असताना रडायची चोरी. सगळा बाजार बघणार.

मग संघाचा निरोप आला. दुष्काळात जनावरांसाठी सरकी पेंड येणार होती, गोदाम पुरणार नव्हतं. चेअरमन दादांना म्हणाले की गाळा चालत नसेल तर पेंड ठेवायला मोकळा करा, पुढं बघू. यात वावगं काय होतं? जनावरं मरत होती. दादांना तर नाही म्हणायलाही तोंड नव्हतं, कारण पेंडीची थप्पी त्याच गाळ्यात लावायची कामगिरीही त्यांचीच. महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. दादा घरी आले, अंगणात बसले आणि पुसट झालेल्या फक्कीच्या रेघांवर बोट फिरवत राहिले. माय म्हणाली, खुर्ची घरात आणू, घरात बघ पेशंट. "घरात?" दादा म्हणाले. "गाव ह्या वस्तीत येईल व्हय?" त्या आवाजात जो हताशपणा होता तो मी पुढं मरणाच्या दारातल्या माणसांतही क्वचित ऐकला.

मुदत सरत आली होती तेव्हाची गोष्ट. उन्हं कलली नव्हती. चेअरमनची जीप गाळ्यासमोर येऊन थांबली. आत चेअरमन नव्हते, ते कसल्याशा बैठकीला मुंबईला गेलेले. मागच्या सीटवर त्यांच्या आई, ज्यांना सगळं गाव थोरल्या बाई म्हणायचं, आणि त्यांना धरून बसलेली सून, म्हणजे चेअरमनांची बायको. थोरल्या बाईंचा डावा गाल सुजून डोळा बंद झाला होता आणि सूज हनुवटीखाली गळ्याकडं उतरलेली. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. अंबाजोगाईपर्यंत घाटरस्ता, आणि बाईंना धड श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले होते, आधी संघाच्या गाळ्यातल्या पोरीला दाखवा. सून दाराशी घुटमळली. ड्रायव्हर कुणाकडंच न बघता म्हणाला, "आत न्या, वैनीसायेब. तोंड बगत बसायची येळ न्हाई."

थोरल्या बाई खुर्चीत बसल्या. जबडा बोटभरही उघडत नव्हता. दोन दिवस पोटात पाण्याचा घोटही गेला नव्हता, असं सून म्हणाली. ओठ फुटले होते आणि अंगात ताप फणफणत होता. मी माझं कॉलेज आठवलं, सरांचा हात आठवला. पू झालेल्या जागी सुई देऊनही पुरतं बधिर होत नाही. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि गालाच्या आतून, हिरडीपाशी, पुवाला वाट करून दिली. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि किती घट्ट धरलं ते नंतर दोन दिवस दिसत होतं. तोंड पुवानं आणि रक्तानं भरलं. त्या थुंकल्या, पुन्हा भरलं. आता चूळ हवी. सवयीनं माझा हात खटक्याकडं गेला, आणि पेला रिकामाच राहिला; आदल्या दिवशी वस्तीला टँकर आला नव्हता, म्हणून माठही कोरडा होता.

दादा दाराशी उभे होते. ते टाकीकडं जाणाऱ्या नळीकडं बघत होते, जणू आता तरी काही घडेल. मग माय आली. रस्त्यावरच गाठलेल्या टँकरची घागर डोक्यावर घेऊन ती घराकडं चालली होती. जीप बघून आत डोकावली, तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. घागर उतरवली, त्यातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. सून एक पाऊल पुढं आली आणि तिथंच राहिली. मी तांब्या थोरल्या बाईंच्या ओठांशी नेला. त्यांनी चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली. चार-सहा वेळा असं झाल्यावर जबडा थोडा सैल पडला आणि पुढच्या वेळी त्या थुंकल्या नाहीत. मी त्यांचा गळा बघितला. घोट खाली उतरला. त्यांनी डोळा उघडला, माझ्या हातातून तांब्या ओढून घेतला आणि प्यायल्या. पाणी हनुवटीवरून, लुगड्यावरून ओघळत होतं. तांब्या रिकामा करून त्यांनी तो मायपुढं धरला.

"आनखी दे," त्या म्हणाल्या.

मायनं दिलं. तो संपला, आणखी दिलं. मी नको म्हणत होते, एकदम इतकं नको, पण त्या ऐकायच्या पलीकडं गेल्या होत्या. मी त्यांना औषधाची सुई दिली, गोळ्या दिल्या, आणि त्यांना जीपमध्ये बसवलं तेव्हाही मायनं भरलेला तांब्या त्यांच्या मांडीवर होता आणि त्यांचे दोन्ही हात त्याच्याभोवती होते. जीप तशीच गेली. मायनं घागर हलवून बघितली. तळाला थोडं डचमळलं. "आज रातच्याला भाकरी नुसती खा," ती म्हणाली. दादा बाकड्यावर बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. त्यांना पाणी संपल्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चेअरमन मुंबईहून परतल्या परतल्या गाळ्यात आले. आईची सूज उतरली होती. त्यांनी हात जोडले, आणि मनापासून जोडले, हे मी आजही सांगेन. पेंड दुसरीकडं ठेवू, गाळा राहू द्या, म्हणाले. मग दादांना बाजूला घेतलं, पण गाळा तेवढासाच. मला सगळं ऐकू आलं. "आई हितं पानी प्याली, हे कुटं बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "चूळ भरली म्हना. चूळ भरली, त्यात काय?" दादा म्हणाले, "जी." मी हातातली औजारं खाली ठेवली. मी काही बोलणार होते. दादांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी औजारं पुन्हा उचलली. गाळा वाचला होता. त्यांच्या जन्मात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांना कुणालाही सांगायची बंदी झाली होती.

तांब्या मात्र तिकडंच राहिला. आमच्या घरात तेवढा एकच धड तांब्या, बाकीचे चेंबलेले, आणि माय रोज विचारायची. तो मागायला कोण जाणार? आठवडाभरानं बाजाराच्या दिवशी थोरल्या बाईंची सून भर गर्दीतून चालत आली. तिची दाढ किडली होती. तिच्या हातात आमचा तांब्या होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला आणि काठोकाठ पाण्यानं भरलेला. तिनं तो थुंकायच्या भांड्याशेजारी ठेवला आणि खुर्चीत बसली. दाढ भरून झाल्यावर तिनं त्याच तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, उरलेलं पाणी तसंच ठेवून ती गेली. जाताना म्हणाली, सासूबाईंनी सांगितलंय. थोरल्या बाई स्वतः पुन्हा आल्या नाहीत. ती दाढ त्यांनी नंतर बीडला जाऊन काढली.

त्या तांब्यावरून दादांचं आणि मायचं कधी जमलं नाही. दादा म्हणायचे, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये ही आपल्याकडची रीत. अशा दुष्काळात त्या बाईनं साखर नाही, धान्य नाही, पाणी भरून पाठवलं, म्हणजे मान ठेवला. माय म्हणायची, मानबिन काही नाही, सुनेनं आपलं पाणी पिऊ नये म्हणून तिच्या घरचं दिलं. म्हातारपणी, दात एकही उरला नसताना, दोघं अंगणात बसून यावरून तावातावानं बोलायचे. मला विचाराल तर मला आजही ठरवता येत नाही.

गावानं मात्र लगेच ठरवलं. चेअरमनांची बायको स्वतःचं पाणी घेऊन दातांच्या दवाखान्यात जाते, हे सगळ्या बाजारानं बघितलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून लोक तांब्या घेऊन यायला लागले. हॉटेलात थट्टा सुरू झाली की तांब्या घेऊन सकाळी माळाकडं गेला तर समजावं, भर दुपारी बाजाराकडं कशापायी चाललाय रं? दवाखाना चालला. बाकड्यावर दाटीवाटीनं माणसं आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापला तांब्या. माझा हात त्यांच्या तोंडात, माझ्या सुया त्यांच्या हिरडीत, आणि पाणी त्यांचं. बाकड्याजवळचा माठ दादा रोज भरायचे आणि तो जसा भरला तसाच संध्याकाळी घरी यायचा. मला काम होतं, नाव होत होतं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते हेच का, असं शटर ओढताना वाटायचं.

मग पाऊस झाला. चांगला झाला. संघाच्या बोअरला पाणी आलं तसे दादा स्लॅबवर चढले, टाकी खरवडून धुतली, भरली, खाली येऊन खटका दाबला. पेला आपोआप भरला. ती बातमीही बाजारात पोचली. त्या दिवशी तांब्या न आणता आलेला पहिला माणूस एक आडत्या होता. त्याच्या दोन दाढा किडल्या होत्या. एक त्या दिवशी काढली, दुसरी नंतर काढायची ठरली. तो खटका दाबून पेला भरून घ्यायचा, चूळ भरायचा आणि लहान मुलासारखा पुन्हा दाबायचा. उठताना दादांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लई झ्याक केलं बगा. कुनाच्या हाताला हात न्हाई." चांगल्या मनानं म्हणाला तो. दादाही हसले.

दुपारी मी घरून जेवून आले तर दादा खुर्चीखाली आडवे होते, हातात पाना. नळीचा सांधा त्यांनी सोडवला होता आणि तोंडाला लाकडाची खुंटी ठोकत होते. इतक्या जिवापाड घातलेली नळी. मी विचारलं, हे काय करताय? ते बाहेर आले, फरशीवर बसले आणि पान्याकडं बघत राहिले. "मला शाबासकी दिली त्यानं, इशाखा," ते म्हणाले. "माज्याच पायपाची."

दुसऱ्या दिवसापासून दादांनी गोदामातून सकाळची सुट्टी मागून घेतली आणि ते खुर्चीशेजारी माठ आणि तांब्या घेऊन उभे राहिले. घरून पाणी आणलेल्यांना बाहेर ठेवायला सांगत, शांतपणे, की आता हितं पानी हाय. काहीजण बाकड्यावरूनच परत गेले. तो आडत्या दुसऱ्या दाढेसाठी आला. सुई दिली, दाढ हलवायला लागले, तोंडात रक्त आलं, आणि त्यानं खटका दाबला. काही नाही. दादांनी तांब्या पुढं केला. तो दादांकडं बघत राहिला, गाल फुगलेले, मग उठला आणि तसाच बाहेर जाऊन रस्त्यावर थुंकला. दाढ अर्धी हललेली तशीच घेऊन भर बाजारातून गेला. मागून आणखी दोघं गेले. बाकडं रिकामं झालं. मी म्हटलं, दादा, संपलं आता. पुन्हा ते दिवस. दादांनी तांब्या माठावर पालथा घातला. "जाऊ दे," ते म्हणाले. "दाढ त्याच्या तोंडात हाय. येईल."

तो आला. पोळा झाला न झाला, गाल धरून आला. यष्टीनं बीडला जायला निघाला होता, पण स्टँडपर्यंतही जाववलं नाही. मी दाढ काढली. तोंडात रक्त भरलं तेव्हा त्यानं खटक्याकडं बघितलं नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून ती दादांपुढं धरली आणि डोळे मिटून घेतले. दादांनी तांब्या उचलला. गाव आम्हाला देई तशी वरून धार सोडली नाही त्यांनी. वाकले, तांब्याचा काठ त्याच्या बोटांना टेकवला, आणि ओतलं.